शेवटची गाडी कितीला?

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका पोराने नवी बाइक घेतली. पेढे वाटता वाटता मला म्हणाला, सर तुम्ही तर दोन्ही केलंय, पाठीला सॅक मारून एसटीनेपण फिरलात आणि बाइकवरपण, मग सांगा ना नक्की भारी काय? तोंडात पेढा होता त्यामुळे "दोन्हीची मजा वेगळी रे" असलं काहीतरी गुळमुळीत बोलून मी सुटलो. पण घरी जाईस्तोवर डोक्यात तेच. दोन्हीची मजा वेगळी, हे काय उत्तर आहे का? लग्नातलं जेवण कसं होतं विचारल्यावर आपण "छान होतं" म्हणतो, तसलं ते.

तर हे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर. लांबलंय, पण इलाज नाही.

आधी बाइकचं सांगतो. माझी स्वतःची साडेतीनशे सीसीची आहे (कंपनीचं नाव घेत नाही, लोक त्यावरून नात्यातलं भांडण असल्यासारखे भांडतात), त्याआधी अकरा वर्षं स्प्लेंडर होती. नाशकात राहायचं आणि बाइक नाही म्हणजे आंब्याच्या बागेत राहून बाजारातून आंबे आणण्यासारखं आहे. कुठल्याही नाक्यावरून बाहेर पडा, तासाभरात काहीतरी समोर येतंच. त्र्यंबक रोडला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, पेठ रोडला सावळघाट, घोटीकडून बारी, कळसूबाई, भंडारदरा, दिंडोरीकडून वणी आणि सप्तशृंगी. आणि हे सगळं सोडून मला विचाराल तर निफाड.

निफाडला बघायला काय आहे? थंडी आहे. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान निफाडला, ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात येतेच. एकदा जानेवारीत पहाटे पाचला निघालो, नांदूरमध्यमेश्वरला सूर्य उगवायच्या आत पोचायचं म्हणून. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं ते धरण, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली दर्जा जाहीर झाला. चापडगावाच्या बाजूला उजाडताना उभं राहायचं तर एसटीच्या भरवशावर जमत नाही, पक्षी काही पहिल्या गाडीची वाट बघत बसत नाहीत. तर जॅकेटच्या आत छातीला पेपरची घडी लावली होती (हे वडिलांनी शिकवलेलं, आणि मी सांगतो, महागड्या जॅकेटपेक्षा पेपर भारी), हातात दोन-दोन मोजे. शिलापूर सोडलं, तोपर्यंत ठीक होतं. पुढे चांदोरीच्या आसपास रस्ता जरा खाली उतरला आणि गुडघ्याखालून एकदम गार पाण्यात पाय घातल्यासारखं झालं. हवेचाच डोह. दोनशे-तीनशे मीटर गेलो की संपला, मग पुन्हा एक. मधेच द्राक्षबागांतून धूर, थंडीने घड खराब होऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांनी बागेत शेकोट्या पेटवलेल्या, त्या धुराच्या पट्ट्यातून जाताना मात्र क्षणभर ऊब. म्हणजे थंडी, ऊब, थंडी, ऊब असा तो रस्ता अंगानेच मोजला मी. एसटीत बसून हे कळणारच नाही, तिथे सगळ्या खिडक्या बंद आणि समोरच्याच्या कानटोपीचा वास.

हे बाइकचं. हे कबूल आहे, लिहून देतो.

पण बाइकवर सगळं दिसतं, आपण निसर्गात मिसळून जातो वगैरे जे म्हणतात ना, ते बाइक चालवणाऱ्याने म्हणू नये. मागे बसणाऱ्याने म्हणावं. मी दोनशे किलोमीटर चालवून येतो तेव्हा माझ्या डोळ्यांनी काय बघितलेलं असतं? पुढचं दहा-पंधरा फूट डांबर. खड्डा, खडी, शेण, कुत्रं, आणि ऊस नाहीतर कांदा भरलेली बिनलाइटची ट्रॉली. एकदा श्रावणात त्र्यंबकहून जव्हारकडे चाललो होतो, बायको मागे. घाट संपल्यावर चहाला थांबलो तर ती म्हणते, तो डावीकडचा धबधबा बघितलास ना, असा तीन टप्प्यांत पडत होता? मी म्हटलं कुठला? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, आणि तो म्हातारा, छत्री उलटी झालेली? तोपण नाही. मी तिला त्या घाटातली प्रत्येक खडी सांगू शकलो असतो. परत येताना तिने सगळी कॉमेंट्री चालू ठेवली, उजवीकडे बघ, आता डावीकडे बघ, आणि एका वळणावर मी खरंच बघितलं आणि समोरून टेम्पो. तेव्हापासून कॉमेंट्री बंद.

आणि अजून एक, जे मला फार उशिरा लक्षात आलं. बाइकवर कुठल्याही गावात जाऊन थांबा, टपरीवर, देवळापाशी, पंपावर. लोक येतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात, आणि विचारतात, ॲव्हरेज किती देते? मग, कितीला पडली? मग, सर्व्हिसिंग महाग असेल ना? दहा मिनिटं छान गप्पा होतात आणि आपण निघतो. हे मी पेठला ऐकलंय, सुरगाण्याला ऐकलंय, अकोल्याला (आपल्या इकडचं, राजूरच्या पुढचं) ऐकलंय. इतक्या वर्षांत इतक्या गावांतून मला एवढंच विचारलं गेलं. माझ्याबद्दल नाही, गाडीबद्दल. मी म्हणजे गाडीबरोबर आलेला माणूस.

एसटीत हा प्रश्न कोण विचारणार. तिथे ॲव्हरेज काढायचं कशाचं.

एसटीने बॅकपॅकिंग म्हटलं की हल्लीच्या पोरांना वाटतं काहीतरी फॉरेनचं फॅड. आम्ही करायचो तेव्हा त्याला नाव नव्हतं. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडवर जायचं, फलाटावर उभं राहून बोर्ड वाचायचे आणि ज्या गावाचं नाव आवडलं त्या गाडीत चढायचं, असंसुद्धा केलंय. "आवडेल तेथे प्रवास"चा पास असतो, चार दिवसांचा नाहीतर सात दिवसांचा, तो काढला की मग राजाच. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर एकदा एकाने चप्पल टाकलेली बघितलीय आणि ती जागा कोणी घेतलीपण नाही. सॅक मोठी असली की मात्र सगळी गाडी आपल्याकडे बघणार. ड्रायव्हरच्या मागे ठेवा म्हणतो कंडक्टर, कोणी म्हणतं मांडीवर घ्या, एखादी बाई सरळ त्यावर पोर बसवते. सॅक कोणाची हे दोन गावं गेली की सगळ्यांना माहीत असतं.

साल्हेरला पहिल्यांदा गेलो तो एसटीनेच. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, १६७२ ला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते ह्याच्या पायथ्याला. आता २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा सगळ्यांना आठवला, आम्ही मूळचे बागलाणातले त्यामुळे आम्हाला तो नेहमी पश्चिमेला दिसणारा एक डोंगर होता आणि त्यामुळेच वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत तिथे गेलो नव्हतो. तर सटाण्याहून गाडी, ताहाराबाद, मग मुल्हेरच्या दिशेने. माझ्या शेजारी एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पिशवीत काहीतरी हलतंय. तिने सॅककडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं.

"कोठे चालना भाऊ?"

म्हटलं साल्हेर.

"कोना घर?"

आता हा प्रश्न नीट समजून घ्या. कोणाच्या घरी. तिच्या हिशोबात माणूस गाडीत बसतो तो कोणाच्या तरी घरीच जायला. मी म्हटलं कोणाच्या घरी नाही, किल्ल्यावर चाललोय.

"किल्लावर कोन ऱ्हास?"

म्हटलं कोनी नही. पुढच्या सीटवरचे दोघं वळून हसले. म्हातारी नाही हसली. तिला खरंच काळजी वाटली असावी, कारण जरा वेळाने पुन्हा विचारलं, मंग जेवशी कोठे? मी सॅकवर हात मारून सांगितलं की आत सगळं आहे, मॅगी आहे, ब्रेड आहे. ब्रेड ऐकून तर तिला माझी दयाच आली. मुल्हेरला ती उतरली, पण उतरायच्या आधी मागे बघून एका माणसाला हाक मारली आणि सांगितलं की हे पोरगं वर चाललंय, ह्याला आधी तुझ्या घरी जेवू घाल. म्हणजे सरळ हवाली केलं मला. त्या माणसानेपण काही विचारलं नाही, बरं म्हणाला. बाजरीची भाकरी, ठेचा आणि उडदाची डाळ. वर परशुरामाच्या देवळापाशी संध्याकाळी बसलो होतो तेव्हा ती मॅगी तशीच होती सॅकमध्ये, दुसऱ्या दिवशी परत घरी आणली. पिशवीत काय हलत होतं ते मात्र कळलं नाही, कोंबडी असावी.

त्यानंतर साल्हेरला तीनदा बाइकवर गेलो. मुल्हेरात चहाला थांबतो. ॲव्हरेज सांगतो.

ट्रेकवाल्यांसाठी एक प्रॅक्टिकल मुद्दा, मग पुढे जाऊ. बाइक जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. हे ऐकायला फालतू वाटतं पण डोंगरात ह्याच्याएवढी बेडी नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईने चढलो आणि वर मन केलं की टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरू, तर एसटीवाला उतरू शकतो. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर चालत खुबी फाटा, तिथे कल्याण-नगर हायवेवर हात दाखवायचा, आळेफाट्याला उतरायचं, तिथून पुणे-नाशिक रोडची कुठलीही गाडी. आम्ही एका बाजूच्या जिल्ह्यातून चढून दुसऱ्या जिल्ह्यात उतरलो आणि रात्री संगमनेरला बसस्टँडवर भेळ खाल्ली. बाइकवाला काय करतो, तर वर कोकणकड्यावर बसूनसुद्धा त्याच्या मनात हेल्मेट. पाचनईत ज्यांच्या अंगणात लावलीय त्यांची पोरं हॉर्न वाजवत असतील का. मी वाजवलाय लहानपणी, त्यामुळे मला खात्रीच असते.

पैशाचं म्हणाल तर हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा सटाणा म्हणजे साधारण ९० किलोमीटर, पंधरा टप्पे. पण बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आमची ही दर वेळी कंडक्टरला मोठ्याने सांगते, एक फुल्ल एक हाफ, आणि हाफ म्हणताना माझ्याकडे बघते. बाइकवर दोघांचं पेट्रोल आणि एसटीत दीड तिकीट, फार फरक नाही. चेन-स्प्रॉकेट, टायर आणि इन्शुरन्स धरला तर एसटी जिंकते, वाटेत दोन मिसळी खाल्ल्या तर कोणीच जिंकत नाही. आणि काही ठिकाणी तर बाइकला मुळात प्रवेशच नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, इगतपुरीजवळचा तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, सगळं आपल्या दारात, आणि दुचाकीला बंदी. नवरात्रात नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जायला खासगी गाड्या बंद असतात, फक्त एसटी. तेव्हा भलेभले जॅकेटवाले लाल डब्यात आजीबाईंच्या मधे उभे असतात, गुडघ्याला आर्मर लावून.

आता क्लच केबलची गोष्ट. ह्यात दोष सगळा माझा. केबल जड झालीय, क्लच दाबताना मधेच अडकतोय, हे महिनाभर कळत होतं. बदलू बदलू करत राहिलो. हातगडला गेलो होतो एकटाच, स्ट्रॉबेरीची शेतं बघत बघत येताना नांदुरीच्या अलीकडे लिव्हर एकदम हातात सैल आलं. तुटली. क्लचशिवाय गाडी चालवता येते, थिअरी मला पाठ आहे. न्यूट्रलला ढकलत पळायचं, वेग आला की टुणकन बसून पहिला टाकायचा, मग थ्रॉटल जरासा सोडून आवाजाच्या अंदाजाने पुढचे. स्प्लेंडरवर केलंयपण. पण दोनशे किलोच्या आसपासची गाडी ढकलत पळणं हे पंचेचाळिशीत वेगळं प्रकरण असतं. उतारावर दोनदा जमलं. तिसऱ्यांदा चढ होता, समोर बैलगाडी आली, थांबावं लागलं, संपलं. आणि स्प्लेंडर असती तर पुढच्या गावात गॅरेजवाल्याकडे खिळ्याला पाच केबल लटकलेल्या असतात, ह्या गाडीची केबल नाशिकलाच. (म्हणून त्या पोराला एकच सल्ला, गावोगाव फिरायचं असेल तर गावात जी गाडी आहे तीच घे. त्याने ऐकलेलं नाही.)

अर्धा तास उभा होतो. मग एक पिकअप थांबला, टोमॅटोचे कॅरेट भरलेले, पिंपळगावच्या मार्केटला चाललेला. ड्रायव्हर पोरगाच होता. त्याने गाडीकडे बघितलं, ॲव्हरेज विचारला नाही. बंद पडलेल्या गाडीचा ॲव्हरेज कोण विचारतो. आम्ही दोघांनी आणि रस्त्यावरच्या अजून तिघांनी मिळून मागचे कॅरेट एकावर एक चढवले, गाडी उचलून आत घातली, दोराने बांधली, आरशाला टोमॅटोची पिशवी लटकवली. मी पुढे त्याच्या शेजारी. पाच मिनिटं गेली आणि तो म्हणाला,

"कुठले तुम्ही?"

म्हटलं नाशिकला असतो.

"असतो नाही, कुठले? मूळचे?"

गाव सांगितलं. मग आडनाव. मग तो म्हणे आमच्या मोठ्या बहिणीचं सासर तिथून दोन गावं सोडून. मग ती कोणाच्या घरात दिलीय, मग त्या घरातले एक मास्तर, ते मास्तर मला पाचवीला होते. वणी येईपर्यंत आम्ही एकमेकांचे लांबचे कोणीतरी लागायला लागलो होतो. पिंपळगावला त्याने मला एका मेकॅनिकच्या हवाली केलं आणि "हे आपल्याकडचेच आहेत" असं सांगून तो मार्केटला गेला. भाड्याचे पैसे घेतले, ते बरोबरच आहे, पण दोन किलो टोमॅटो दिले.

आठवड्याभराने हे सगळं एसटीसारखं का वाटतंय ह्याचा विचार करत होतो, आणि मग डबा आठवला.

मी नाशिकला कॉलेजला होतो तेव्हा आई गावाहून डबा पाठवायची. आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी म्हणजे डेपोची शेवटची गाडी जी रात्री गावात येते आणि तिथेच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघते. आमच्याकडे ते शाळेच्या ओट्यावर झोपायचे, थंडीत देवळात. पहाटे साडेपाचला आई पारापाशी डबा घेऊन उभी. तीन पुडांचा ॲल्युमिनिअमचा, झाकणावर ऑइलपेंटने माझं नाव आणि खाली "नाशिक", जसं काही नाशकात मी एकटाच. तो डबा ह्या कंडक्टरने सटाण्याला नाशिकच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा, त्याने ड्रायव्हरच्या मागच्या हुकाला लटकवायचा, आणि साडेनऊच्या सुमारास मी सीबीएसला फलाटावर. किती वेगवेगळे कंडक्टर असतील त्या तीन वर्षांत, मला एकाचंही नाव माहीत नाही, आम्ही सगळ्यांना मामाच म्हणायचो. पोळ्या गार व्हायच्या पण कडक होत नसत, कारण आई त्या केळीच्या पानात गुंडाळायची. दुपारच्या गाडीने रिकामा डबा परत. कधी कधी आई रिकाम्या पुडात चिठ्ठी टाकून वर भाजी भरायची, मग ती चिठ्ठी तेलकट होऊन यायची आणि त्यावर फक्त "पैसे पुरतात का" एवढंच वाचता यायचं.

सुट्टीला घरी जायचो तेव्हाचं एक वाक्य आमच्या घरात, सगळ्यांच्याच घरात, ठरलेलं होतं. पाहुणा आला, चहा झाला की तो विचारणार, शेवटची गाडी कितीला? आणि मग तासभर सगळे मिळून ती गाडी चुकवायच्या मागे. जेवूनच जा, आता कुठे निघता, ती गेली असेल हो, आता सकाळच्या मुक्कामीने जा. माझे अर्धे मामा-मावश्या मला ओळखीचे आहेत ते त्यांची शेवटची गाडी चुकली म्हणून. रात्री ओट्यावर अंथरुणं पडायची आणि खऱ्या गप्पा तेव्हा सुरू व्हायच्या, कोणाच्या जमिनीचं काय, कोणाच्या पोरीचं काय. दिवसा आलेला पाहुणा फक्त चहा पितो, मुक्कामाला राहिलेला पाहुणा बोलतो.

बाइक घेतल्यापासून मी गावी मुक्काम केला नाहीये. हे मी मोजून बघितलं आणि मलाच धक्का बसला. दर महिन्याला जातो, न चुकता. रविवारी सकाळी निघायचं, अकराला पोचायचं, आईबरोबर जेवायचं, औषधं द्यायची, मीटरचं बिल बघायचं, आणि चार-साडेचारला निघालं की उजेडात घाट पार. बाइकला शेवटची गाडी नसते. कधीही निघता येतं, म्हणून मग दर वेळी निघतोच. आईसुद्धा आता जेवूनच जा एवढंच म्हणते, राहा म्हणत नाही, कारण राहायला कारणच काय सांगणार. दारात गाडी उभी आहे.

आणि ती स्वतः बघा. पंच्याहत्तरच्या पुढे, तिकीटच नाही तिला, २०२२ पासून फुकट. मधे एकदा कोणालाही न सांगता नांदगावला बहिणीकडे जाऊन आली. दोन गाड्या बदलून. गेली ती चार दिवस राहिली.

तर मागच्या रविवारी मी बाइक घरी ठेवली. बायकोला वाटलं पंक्चर आहे. सीबीएसहून सटाणा, सटाण्याहून गावची. पंचाण्णव टक्के प्रवास मोबाइलमध्ये बघत केला, खोटं कशाला सांगू, पण ताहाराबादच्या पुढे उजवीकडे मांगीतुंगीचे सुळके दिसायला लागले तेव्हा ठेवून दिला. शेजारच्या माणसाने विचारलं कोणाकडे. आईकडे म्हटलं. कोणाची आई? सांगितलं. मग तो म्हणाला हां हां, ओट्यावर बसलेल्या असतात त्या.

आईने मला चालत येताना बघितलं आणि पहिला प्रश्न, गाडी विकली का?

जेवलो. औषधं दिली. बिल बघितलं. दुपारी नाही म्हणता म्हणता झोपलो, किती वर्षांनी त्या घरात दुपारी झोपलो कोणास ठाऊक. उठलो तर पाच वाजून गेलेले. सटाण्याला जाणारी शेवटची गाडी साडेपाचला, हे मला येतानाच कंडक्टरने सांगितलं होतं. चहा झाला. आई ओट्यावर लसूण सोलत बसली, मीपण शेजारी बसून सोलायला लागलो. तिने विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. मग पाराच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला, गाडी वळतानाचा तो घरघराट, मग थांबली, माणसं चढल्याचे आवाज, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, आणि मग स्वच्छ ऐकू आली ती डबल बेल.

आईने मान वर केली नाही. म्हणाली, दुधाची गाडी असेल.

मी म्हटलं, हो, दुधाचीच.